आवाज कमी करून द्या

संपादकांनी फोनवर एवढंच सांगितलं, "कामाचे अनुभव लिही, भाषण देऊ नकोस." आमच्या घराण्यात अनुभव आणि भाषण वेगळं करायची पद्धत नाही, तरी प्रयत्न करतो.

सहा वर्षं मी एकच वाक्य सगळ्यात जास्त वेळा ऐकलं. "दादा, आवाज जरा कमी करून द्या ना."

दुकानाच्या काउंटरवर एक छोटा डबा असतो. तुम्ही स्कॅन करून पैसे पाठवले की तो सगळ्या गल्लीला सांगतो, "वीस रुपये मिळाले." तो डबा लावून देण्याचं काम मी करायचो. ठाण्यात घोडबंदर रोडच्या टॉवरखालच्या दुकानांपासून ते कल्याणच्या पुढे कसाऱ्याच्या दिशेला जेवढी गावं लागतात तिथपर्यंत. पाठीवर बॅग, बॅगेत दहा डबे, स्टिकरचा गठ्ठा आणि दोन चार्जर. दुकानदाराला पटवायचं, त्याचं आधार, पॅन, बँकेचं खातं कंपनीच्या अ‍ॅपमध्ये भरायचं, दुकानाचा एक फोटो काढायचा, धंद्याचा प्रकार यादीतून निवडायचा, की डबा बोलायला लागतो. सगळं मिळून पंधरा मिनिटं. दुकानदार त्यातली दहा मिनिटं मला हाकलण्यात घालवायचा.

डब्याच्या कडेला दोन बटणं असतात. एक आवाज वाढवायचं, एक कमी करायचं. लोकांना ती सापडत नाहीत, कारण ती रबराच्या पट्टीखाली असतात. म्हणून मला बोलवायचे. टिटवाळ्याच्या एका सलूनवाल्याला आवाज कमी हवा होता, कारण समोरचा सलूनवाला डब्यावरून त्याची गिऱ्हाइकं मोजायचा. डोंबिवलीतल्या एका ज्योतिष्यांना कमी हवा होता, कारण "एक हजार एक रुपये मिळाले" ऐकलं की बाहेर बाकावर बसलेली माणसं उठून जायची. मी म्हटलं, "गुरुजी, हे तुम्हाला आधी दिसलं नाही का?" त्यांनी डबा परत दिला. माझ्या टार्गेटमधून एक वजा.

असे लोक सोडले तर आवाज कमी करा म्हणणारा माणूस काहीतरी लपवत असतो, हे मला पहिल्या वर्षातच कळायला हवं होतं. कळलं नाही, त्याचं कारण घरात आहे.

माझे बाबा डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत होते. ड्युटी संपली की ते पत्रकं लिहायचे. पाण्याच्या बिलावर, कंत्राटी कामगारांच्या पगारावर, रस्त्यावरच्या हिरव्या पाण्यावर. मी वाचायला शिकलो तो उरलेल्या पत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूवर बाराखडी गिरवत आणि कंटाळा आला की पुढची बाजू वाचत. 'बंधू-भगिनींनो' हा शब्द मला 'घर'च्या आधी वाचता यायचा. बाबांचा नियम एकच. पत्रकाखाली लिहिणाऱ्याचं पूर्ण नाव आणि पत्ता हवा. नाव नसेल तर ते पत्रक नाही, ती कुजबुज.

नोटाबंदी झाली तेव्हा मी ज्युनिअर कॉलेजात होतो. लोक बँकेच्या दारात उभे होते आणि मी एका बैठकीत माझं पहिलं पत्रक लिहिलं. मथळा होता, 'रोख संपेल, लाच संपेल'. उद्गारचिन्हं चार. बाबांनी ते दोनदा वाचलं.

"लाच नोट खाते की माणूस खातो?" त्यांनी विचारलं.

"माणूस. पण नोटेला तोंड नसतं बाबा. बँकेतून गेलेल्या पैशाला असतं. कोणी दिला, कोणी घेतला, किती वाजता, सगळं सांगतो तो."

"कोणाला सांगतो?"

मला ते म्हातारपण वाटलं. त्यांना मुद्दा पटला नव्हता, तरी शंभर प्रतींचे पैसे त्यांनीच दिले. फक्त खाली माझं पूर्ण नाव घालायला लावलं. मी ती प्रत अजून ठेवली आहे. रागाने ठेवली आहे की प्रेमाने, मला सांगता येत नाही.

तर ही नोकरी मला नोकरी वाटलीच नाही. मी पैशाला तोंड देत फिरत होतो. आणि सुरुवातीला ते खरंही वाटलं. ठाण्यात एका पार्किंगमध्ये वीस रुपयांची पावती असताना माणसं चाळीस घ्यायची. तिथे मी ठरावीक रकमेचा कोड लावला. स्कॅन केलं की वीसच जायचे, एकवीस टाकता यायचे नाहीत. आठवड्यात चाळीसचा प्रकार बंद झाला. एक रिक्षावाले काका मला म्हणाले, "तुझ्या स्टिकरने जे केलं ते आमच्या मोर्चाने नाही झालं रे." मी त्या दिवशी घरी जाऊन बाबांना ते तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "चांगलं झालं. ऐकलं मी."

दुसरीकडे, कल्याणात हातगाडीवाल्यांकडून रोजचा हप्ता गोळा करणारा एक जण मला हाक मारून म्हणाला, "भावा, मला पण डबा दे. साले सगळे बोलतात कॅश नाय, कॅश नाय. मी काय उधारीवर चालवू?"

"धंदा काय लिहू?"

त्याने डोकं खाजवलं. "मेंटेनन्स लिही ना."

मी नाही म्हटलं. मोठ्या तोऱ्यात म्हटलं, दोन वाक्यं संविधानावरही बोललो. पंधरा दिवसांनी त्याच्या बाइकच्या टाकीवर एका ब्यूटी पार्लरचा कोड चिकटवलेला दिसला. त्याच्या वहिनीचं पार्लर. आमच्याच कंपनीतल्या दुसऱ्या एकाने लावून दिलेला. गाडीवाले पैसे देत होते आणि कागदावर ते सगळे भुवया करून घेत होते.

मी हसलो होतो. ही गोष्ट मी पार्टीत सांगायचो. हिरामावशी भेटेपर्यंत.

कल्याणच्या पुढे एका गावात जमिनीच्या नोंदींचं एक सरकारी कार्यालय आहे. गावाचं नाव लिहीत नाही, कारण मग लोक म्हणतील तिथलंच वाईट. कार्यालयाच्या फाटकाबाहेर भिंतीला लागून एक झेरॉक्सचं दुकान, आणि त्या दुकानाच्या पायरीशी हिरामावशी टोपल्या मांडून बसायची. सुकट, बोंबील, वाकट्या, सुका जवळा. साठीची बाई. आगरी. एकेकाळी घरची भातशेती, मग जमीन भावकीत वाटली गेली, मग बिल्डरकडे गेली. हिच्या वाट्याला टोपली आली. तिथे सुकी मासळी खपायची, कारण त्या ऑफिसात खेटे घालायला आजूबाजूच्या पन्नास गावांची माणसं यायची आणि काम झालं नाही तरी घरी काहीतरी न्यायला हवं असायचं.

महिन्याची शेवटची तारीख होती. माझं टार्गेट एका डब्याने कमी पडत होतं. एक डबा कमी म्हणजे महिन्याचा पूर्ण बोनस गेला.

"मावशी, डबा घे. सुट्ट्याची कटकट नाही."

"काय करतं ह्यो?"

"पैसे आले की बोलतो."

"माझा नवरा पैसे आले की बोलायचा नाय, गेले की बोलायचा." मग तिने डबा हातात घेऊन कानाला लावला. "सोसनार काय ह्याला मासलीचा वास?"

अ‍ॅपमध्ये धंद्याचा प्रकार निवडायचा होता. यादीत 'मासे व खाद्यपदार्थ' होतं, पण ते दाबलं की खाद्य परवान्याचा नंबर मागायचं. पायरीवर बसलेल्या बाईकडे परवाना कुठून असणार? तो काढायचा म्हणजे निदान आठवडा. माझ्याकडे दुपार होती. आमच्या धंद्यात ह्यावर एक ठरलेला उपाय होता, नव्या पोराला पहिल्या दिवशीच शिकवला जायचा. ज्या प्रकाराला परवाना लागत नाही तो निवडायचा. मी निवडला, 'स्टेशनरी व कागदपत्र सेवा'. फोटोत दुकान दिसायला हवं होतं. मी मावशीला पायरीवर उभं केलं आणि मागे झेरॉक्सवाल्याची पाटी येईल असा फोटो काढला. 'सर्व प्रकारचे अर्ज भरून मिळतील.' टोपल्या फोटोतून कापल्या. नाव टाकलं हिरा एंटरप्रायझेस, कारण आम्ही सगळ्यांनाच एंटरप्रायझेस करायचो.

"हस ना मावशी."

"कशाला हसू? रेशनकारडावर कवा हसले नाय."

बोनस मिळाला. त्यातून बाबांना चपला घेतल्या.

पुढचं वर्षभर मी त्या बाजूला गेलो की मावशीकडे थांबायचो. ती मला डब्बेवाला म्हणायची. एकदा गेलो तर तिच्या बाजूला दिनेश उभा होता. दिनेशला तिथे सगळे शेठ म्हणायचे. त्या कार्यालयात त्याची नोकरी नव्हती, पण त्याच्याशिवाय तिथे फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायची नाही. इस्त्रीचा पांढरा शर्ट, वागायला गोड.

"मित्रा, मावशीच्या डब्याचा आवाज जरा कमी करून दे. वयस्कर बाई आहे, कान दुखतात तिचे."

मावशी टोपलीतली माशी हाकलत होती.

मी रबराची पट्टी उचलली आणि बटण दाबलं. चार वेळा. डबा कुजबुजायला लागला.

तेवढ्यात एक माणूस आला, मासळीकडे बघितलंही नाही, स्कॅन केलं आणि फाटकातून आत गेला. मी डब्याजवळ वाकलेलो होतो म्हणून ऐकू आलं. "अडीच हजार रुपये मिळाले."

अडीच हजारांचे बोंबील नेणारा माणूस रिकाम्या हाताने आत गेला होता. मी ते पाहिलं. मी काय केलं ते लिहितो, लिहायलाच हवं. मी बॅग उचलली आणि पुढच्या दुकानात गेलो. डबा परत आला असता तर माझ्या नावावर वजा झाला असता.

पद्धत साधी होती. आतला माणूस पैशाला हात लावायचा नाही, फोनलाही नाही. दिनेश बाहेर सांगायचा, मावशीकडे स्कॅन कर. पैसे मावशीच्या खात्यात. संध्याकाळी मावशी तेवढीच रोकड, दिवसभराच्या विक्रीची, दिनेशला द्यायची. कमी पडली तर दुसऱ्या दिवशी. पैसे इकडून आत गेले की नोटा होऊन तिकडून बाहेर. आतल्या माणसापर्यंत जे पोचायचं त्याला पुन्हा तोंड नसायचं.

मग खडवलीच्या बाजूचे एक निवृत्त शिक्षक आले. त्यांच्या वडिलांच्या जमिनीवर वारसांची नावं लावायची होती. आठ महिने फेऱ्या मारून झाल्यावर त्यांनी दिनेशच्या सांगण्यावरून मावशीच्या कोडवर चार हजार टाकले. नावं तरीही लागली नाहीत. गुरुजी चिडले आणि त्यांनी तक्रार केली. मोबाइलमधल्या व्यवहाराची प्रिंट जोडली. माझ्या पत्रकात जे लिहिलं होतं तसंच झालं. कोणी दिले, किती वाजता, कोणाला, सगळं पैशाने सांगितलं.

त्याने सांगितलं, हिरा एंटरप्रायझेस.

मावशीचं खातं गोठवलं गेलं. त्यात अठ्ठेचाळीस हजार होते. ते दिवस आगोटीचे होते. आगोट म्हणजे पावसाळ्याआधीची बेगमी. दर्याची मासळी बंद व्हायच्या आत लोक चार महिन्यांची सुकी मासळी भरून ठेवतात. मावशीचं अर्धं वर्ष त्या वीस दिवसांवर चालायचं. माल उचलायला पैसे हवेत, आणि पैसे बँकेत, आणि बँक म्हणते वरून आदेश आहे.

मला तिच्या सुनेचा फोन आला. मी गेलो तर मावशी पायरीवरच बसली होती. दोनच टोपल्या होत्या, त्याही अर्ध्या. हातात चौकशीची नोटीस.

"वाच," ती म्हणाली.

मी वाचली. कार्यालयाने आपलं उत्तर आधीच दिलं होतं आणि ते नोटिशीत उतरवलं होतं. तक्रारदाराने कार्यालयातल्या कोणालाही पैसे दिलेले नाहीत. त्यांनी बाहेरच्या एका खाजगी कागदपत्र सेवा केंद्राला अर्ज भरण्याची फी दिलेली आहे. सोबत दुकानाचा फोटो, धंद्याचा प्रकार, नोंदणीची प्रत. सदर केंद्रचालक महिलेने कामाचं आमिष दाखवून रक्कम घेतली असल्यास तिच्यावर कारवाई व्हावी.

फोटोत मावशी न हसता उभी होती. मागे पाटी. सर्व प्रकारचे अर्ज भरून मिळतील.

लाचेला मी पावती दिली होती. त्याहून वाईट म्हणजे तिचा धनीही नेमून दिला होता.

"मी कनचे अर्ज भरते रं?" मावशी म्हणाली. "मना सहीपन येत नाय. अंगठा हाय माझा."

"मावशी, तुला माहीत होतं का, दिनेश कसले पैसे टाकायला सांगतो ते?"

तिने नोटिशीची घडी घातली. "नव्हतं म्हाईत, असं मी नाय बोलनार. पन तो रोज शंभराची सुकट न्यायचा. आनि मना ह्या पायरीवरून उठवायला कोनी येत नव्हतं. पयले दर म्हैन्याला येत." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुना म्हाईत होतं?"

मी बॅगेची चेन उघडून परत लावली. तिला उत्तर मिळालं.

माझ्या टीम लीडरला फोन केला. तो वाईट माणूस नाही. ठाण्यात भाड्याच्या घरात राहतो, दोन मुली आहेत, त्याच्यावरही वरून टार्गेट असतं. तो म्हणाला, "हे बघ, तिला बँकेत पाठव. तू मध्ये पडू नकोस. नोंदणी तुझ्या आयडीवरून झालीये. खोटी कॅटेगरी टाकली असं लिहून दिलंस ना, तर आयडी बंद. नुसता तुझा नाही, माझ्या सगळ्या टीमचं ऑडिट निघेल. सगळ्यांनी तेच केलंय रे. तुला काय एकट्याला सत्याचा झटका आलाय?"

"तिची आगोट चाललीये, सर."

"काय चाललीये?"

मी आगोट समजावून सांगितली. त्याने ती शेवटपर्यंत ऐकली. "तरीपण नको," म्हणाला.

घरी आलो. बाबा गॅलरीत बसून कोणाचं तरी निवेदन तपासत होते. मी सगळं सांगितलं. मला वाटलं, आता ते मला माझं पत्रक आणून दाखवतील, चार उद्गारचिन्हांसकट. मी ओरडायच्या तयारीत होतो. त्यांनी एवढंच विचारलं, "तक्रार करणाऱ्या गुरुजींनी नाव घातलंय?"

"हो. पूर्ण पत्ता."

"आणि आतल्या माणसाचं नाव कुठे आहे?"

"कुठेच नाही. त्याने कशालाच हात लावला नाही."

"दिनेशचं?"

"नाही."

"म्हणजे एका बाजूला गुरुजींचं नाव आणि दुसऱ्या बाजूला त्या बाईचा अंगठा." ते पुन्हा निवेदन वाचायला लागले. मला म्हणाले नाहीत, तू लिही. आजवर मला त्याचाच राग येतो. म्हणाले असते तर मला नाही म्हणता आलं असतं.

मी दोन पानं लिहिली. पत्रकासारखी नाही. मी अमुक, माझा आयडी अमुक, मी अमुक महिन्यात हिराबाई यांची नोंदणी केली. त्या सुकी मासळी विकतात. परवान्याचा नंबर द्यावा लागू नये म्हणून मी 'कागदपत्र सेवा' हा खोटा प्रकार निवडला. फोटोतली पाटी शेजारच्या दुकानाची आहे, टोपल्या मी कापल्या, मूळ फोटो माझ्या फोनमध्ये आहे, तो जोडला आहे. त्यांना लिहिता-वाचता येत नाही. दिनेश या इसमाच्या सांगण्यावरून मी डब्याचा आवाज कमी केला आणि त्याच वेळी अडीच हजारांचा एक व्यवहार माझ्या कानांनी ऐकला, मासळी कोणीही नेली नाही. हे ऐकूनही मी गप्प राहिलो. खाली पूर्ण नाव, पत्ता, सही.

शेवटचं वाक्य मी तीनदा खोडलं आणि तीनदा लिहिलं.

चौकशीच्या साहेबांनी माझ्यासमोर ते वाचलं. "मासळीवाली आहे हे सिद्ध कसं करणार?" त्यांनी विचारलं. मावशी माझ्या मागे उभी होती. तिने पदराखालची पिशवी काढून टेबलावर ठेवली आणि पिशवीचं तोंड उघडलं. दोन मिनिटांत त्या वातानुकूलित खोलीतला एकेक माणूस रुमाल शोधायला लागला.

"आनखी पुरावा पायजे का?" मावशी म्हणाली. "वाकट्या पन हायेत."

साहेब हसले. त्यांनी पिशवी बंद करायला सांगितली आणि माझा जबाब दाखल करून घेतला.

खातं उघडायला पाच आठवडे लागले. गुरुजींचे चार हजार परत गेले, बाकीचे मावशीला मिळाले. तोवर आगोट संपली होती. त्या वर्षी तिने माल भरलाच नाही. मी निम्म्या मालाचे पैसे देतो म्हटलं तर म्हणाली, "तुझी नोकरी गेली ना? मंग गप बस." हो, गेली. आयडी बंद झाला. टीम लीडरच्या टीमचं ऑडिट निघालं आणि दोघे जण आणखी गेले. त्यातला एक माझा फोन उचलत नाही. त्याचं बरोबर आहे. दिनेश महिनाभर दिसला नाही, मग दिसायला लागला. नवा शर्ट. आतल्या माणसाचं नाव माझ्याही दोन पानांत नव्हतं, कारण मला ते ठाऊक नव्हतं. मी लिहिलं असतं तर ती कुजबुज झाली असती. गुरुजींच्या वडिलांच्या जमिनीवर वारसांची नावं मात्र लागली. चौकशी चालू असताना फाईल अडवायची हिंमत कोणाची झाली नसावी.

मला आता कोणी विचारलं, नोटा बंद करून, सगळं फोनवर आणून लाच थांबते का, तर मी कॉलेजातला मुलगा असल्यासारखं हो म्हणत नाही, आणि बाबांसारखं नुसता प्रश्न विचारून मोकळाही होत नाही. पार्किंगवाल्याचे वीस रुपये मी विसरलेलो नाही. तिथे ते थांबलं, कारण रक्कम बांधलेली होती आणि प्रत्येक माणसाला ती दिसत होती. जमिनीच्या ऑफिसात कोणती फी किती, कोणत्या दिवशी काम होणार, हे कुठल्याच भिंतीवर नव्हतं. तिथे आम्ही डबा लावला. पैसा बोलतो हे खरं आहे. पण त्याच्या तोंडात शब्द आम्हीच घालतो, पंधरा मिनिटांत, महिन्याच्या शेवटच्या तारखेला.

आणि तरीही मला स्वस्थ बसवत नाही. नवी नोकरी मिळाली आहे, बसून करायची, पंख्याखाली. मला ती सहन होत नाही.

दसऱ्यानंतर मावशीकडे गेलो. पायरीवर चार टोपल्या होत्या. डबा पहिल्या टोपलीच्या पुढे, विटेवर उभा केलेला. आता तिची नोंदणी सुकी मासळी म्हणून आहे, परवाना सुनेने काढून आणला. मी पन्नासची सुकट घेतली आणि स्कॅन केलं. "पन्नास रुपये मिळाले!" फाटकातला शिपाई दचकला.

"एवढा मोठा आवाज?"

"आता ह्याच्याकडं कोनी सुकटीबिगर येत नाय," मावशी म्हणाली. मग हनुवटीने रस्त्यापलीकडे दाखवलं. "तिकडं बघ. तो डब्बा मुका हाय."

समोर नारळाची गाडी होती. गाडीवाला अंकुश, चाळिशीचा, वाशिंदचा. चार-पाच माणसं फाईल काखेत घेऊन उभी. दिनेश बाजूला, झाडाखाली, फोनवर. एका माणसाने स्कॅन केलं आणि नारळ न घेता ऑफिसकडे वळला. काहीच ऐकू आलं नाही.

मी रस्ता ओलांडला. "एक पाण्याचा द्या." अंकुशने नारळ फोडून दिला. मी साठ रुपये पाठवले. डब्याने घशातल्या घशात काहीतरी म्हटलं.

"दादा, तुमच्या नोंदणीत धंदा काय लिहिलाय?"

"तुला काय करायचंय?" मग हळू आवाजात, "मी फक्त नारळ विकतो भाऊ."

"समोरची मावशीपण फक्त मासळी विकायची. तिचं खातं पाच आठवडे बंद होतं. पुढच्या वेळी नोटिशीवर तुमचा फोटो येईल. त्या शेठचा नाही."

त्याने मावशीकडे बघितलं. मावशीने इकडेच बघत बोंबील उचलून त्याला दाखवला, हात हलवतात तसा. अंकुशचा कोयता हातातच राहिला.

"आवाज शेठने कमी करून घेतलाय," तो म्हणाला. "मला ते बटण सापडत नाही."

"मला सापडतं."

त्याने झाडाखाली एकदा पाहिलं. मग डबा माझ्याकडे सरकवला.

रबराची पट्टी उचलली. अंगठा अजून विसरलेला नव्हता. एक, दोन, तीन, चार. वर जाईल तेवढा.

पुढच्या माणसाने आधीच रक्कम टाकलेली होती. त्याने अंगठा दाबला.

"तीन हजार पाचशे रुपये मिळाले!"

फाटकाजवळची सगळी डोकी एकदम वळली. झाडाखाली दिनेशचं बोलणं तुटलं. रस्त्यापलीकडून मावशीने हाक दिली, खाडीवर होडीला देतात तेवढी लांब, "केवढ्याचा नारल झेतला रंऽऽ?"

कोणीतरी हसलं. मग दुसरं कोणीतरी. रांगेत शेवटी एक म्हातारे शेतकरी होते, फोन हातात धरून, कोड समोर आणायच्या बेतात. त्यांनी डब्याकडे पाहिलं, दिनेशकडे पाहिलं. मग फोन खिशात टाकला, काखेतली फाईल दोन्ही हातांत धरली आणि नुसती फाईल घेऊन ऑफिसच्या खिडकीकडे चालायला लागले.